राहणार मौजे कोणते?

श्राद्धाच्या संकल्पात देश आणि काल यांचा उच्चार करावा लागतो. आपण कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हे कर्ता सांगतो. त्यानंतर पिता, पितामह आणि प्रपितामह यांना नावाने आणि गोत्राने आवाहन केले जाते. ते मात्र कोठे राहत होते, हे कोणी विचारत नाही. शतकानुशतके विचारण्याची गरजच पडली नव्हती. कर्ता ज्या पडवीत बसलेला असे, तीच त्याच्या पणजोबांचीही पडवी असे. आज बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या सातव्या मजल्यावर दर्भ हातात घेऊन बसलेल्या माणसाविषयी असे म्हणता येत नाही. त्याला तीन पिढ्यांची नावे कशीबशी ठाऊक असतात. त्या तीन पिढ्यांचे घर कोठे होते, हे त्याला सांगता येईलच असे नाही.

एकेकाळी दोन मराठी माणसे भेटली की नावानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "गाव कोणते?" आजही तो विचारला जातो, पण उत्तर बदलले आहे. "आम्ही रत्नागिरीकडचे", "आम्ही साताऱ्याकडचे", "आमचे मूळ तिकडे मराठवाड्यात कुठेतरी." या 'कडचे' शब्दात एक संपूर्ण विस्मरण लपलेले आहे. मुंबईत आलेली पहिली पिढी शिमग्याला आणि गणपतीला हटकून गावी जात असे. दुसरी पिढी मनिऑर्डर पाठवीत असे आणि मे महिन्यात मुलांना घेऊन चार दिवस जाऊन येत असे. तिसरी पिढी त्याच तालुक्यात पर्यटक म्हणून जाते, समुद्राकाठी खोली घेते आणि आपल्या पणजोबांचे घर तिथून पाच कोसांवर होते, हे न कळता परत येते.

हे टळण्याजोगे आहे. पूर्वजांच्या वास्तव्याचा शोध घेण्यासाठी जी साधने मराठी समाजाजवळ आहेत, ती थोडीथोडकी नाहीत. फक्त आपण शोध घेतो तो वंशावळीचा, आणि वास्तव्य बाजूला राहते. माझ्या मते क्रम उलटा हवा. कुळ किती थोर होते, हा प्रश्न मागे ठेवावा. कुळ कोठे राहत होते, हा आधी विचारावा.

आडनाव आणि कुलदैवत

पहिला धागा आपल्या नावातच असतो. मराठी आडनावातील 'कर' हा प्रत्यय म्हणजे पूर्वजांचा पत्ताच होय. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातील बेने इस्रायली समाजाचे आहे. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे अलिबाग, पेण, रोहे या परिसरातील गावांवरून आली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे त्यांनी मराठी जपली, 'मायबोली' नावाचे नियतकालिकही चालवले. ज्या नवगावात आता त्यांचे घर नाही, ते गाव त्यांच्या आडनावात मात्र अजून वस्तीला आहे.

पण आडनावावर डोळे झाकून विसंबणेही योग्य नव्हे. एखादे कुटुंब गाव सोडून दुसरीकडे गेले की तिथले लोक त्याला जुन्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. त्यामुळे 'कर'च्या आधी येणारे गाव हे बहुधा सोडून दिलेले गाव असते. पुढच्या दहा पिढ्या कोठे नांदल्या, ते आडनाव सांगत नाही. त्यातच एका नावाची अनेक गावे असतात. तालुका हाती लागल्याखेरीज शोधाला आरंभ झाला, असे समजू नये.

कुलदैवत हा दुसरा धागा. इथेही जपून चालावे लागते, कारण देवसुद्धा स्थलांतर करतात. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकात देवळे पाडण्यास आरंभ केल्यावर भक्तांनी मूर्ती उचलून नदीपार नेल्या. १५६० साली मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला स्थिरावली. आज अंधेरी-गोरेगावातील एखादे सारस्वत कुटुंब कुलदर्शनाला फोंडा महालात जाते, तेव्हा ते देवीच्या आश्रयस्थानी जाते. त्याच्या पूर्वजांचे गाव नदीच्या पलीकडे, साष्टीत किंवा बार्देशात असू शकते. कुलदैवताचे मूळ स्थान आणि कुटुंबाचे मूळ गाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून विचार केला, तरच वाट सापडते.

वह्यांतले पूर्वज

आपल्याकडे लोकांनी लोकांसाठी जपलेली नोंदीची एक व्यवस्था आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, त्याच्या वाडवडिलांची नावे, बरोबर आलेली माणसे आणि राहण्याचे गाव लिहिलेले असते. अनेकदा ही नोंद यात्रेकरूने स्वहस्ते केलेली असते. कोणत्या घराण्याचे यजमानपद कोणत्या गावांसाठी किंवा जातींसाठी, याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. हरिद्वारच्या वह्यांचे मोल इतके मोठे की अमेरिकेतील युटा राज्याच्या वंशावळ संस्थेने त्यांचे सूक्ष्मचित्रण करून नेले. आपण मात्र अस्थिविसर्जनाला जातो आणि घाईघाईने परततो. वही उघडून चार पाने वाचावीत आणि स्वतःचे पान पूर्ण करून यावे, एवढेही अनेकांना सुचत नाही.

दक्षिण महाराष्ट्रात हे काम हेळवी करीत आले. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत बैलावरून गावोगाव फिरणारा हेळवी दारात येऊन त्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवी, नव्या जन्मांची नोंद करून घेई आणि बिदागी घेऊन पुढे जाई. मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला, मधे कोठे थांबला, हेही त्याच्या वहीत असे. घाटकोपर-मुलुंडमधील आपल्या कच्छी आणि गुजराती शेजाऱ्यांकडे हेच काम बारोट करतात. त्या समाजांनी बारोटांचा मान ठेवला, म्हणून त्यांच्या वह्या टिकल्या. आपल्या हेळव्याला मात्र आपण भिक्षेकऱ्यांत जमा केले. आपल्या घराची बखर वाचणारा माणूस दारावरून परत जातो, हे लक्षण चांगले नव्हे.

सरकारी दप्तर

ज्यांच्या घराण्यात तीर्थयात्रा घडल्या नाहीत आणि ज्यांच्या दारी हेळवी आला नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. त्यांचे पूर्वज सरकारी दप्तरात आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांचा इतिहास तिथेच आहे.

आरंभ घरातल्या कागदापासून करावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, तर जन्मस्थळ आणि जात एकाच कागदावर मिळतात. दाखला हरवला असेल, तर त्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर अजून गावात असण्याचा संभव असतो. त्यानंतर तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जुने कोतवाल पुस्तक पाहावे. गावातील जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात.

जमिनीची नोंद हा तर मुख्य आधार. मुंबई इलाख्यात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विन्गेट यांनी शास्त्रशुद्ध मोजणीला आरंभ केला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आली. आजचा सात-बारा हा तिचाच वंशज. सात-बारावर फेरफाराचे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. ते क्रमांक म्हणजे पायऱ्या होत. एकेक फेरफार मागे मागे उतरत गेले की वडिलांवरून आजोबांकडे आणि आजोबांवरून पणजोबांकडे जाता येते. सात-बाराच्या मागे जायचे तर कडईपत्रक, सूडनोंद, कोकणात बोटखत आणि मराठवाड्यात खासरापत्रक, पाहणीपत्रक अशी नावे कानावर घालून ठेवावीत, कारण अभिलेख कक्षातील कारकुनाला याच नावांनी विचारावे लागते. अनेक जिल्ह्यांतील जुनी पत्रके आता 'आपले अभिलेख' या शासकीय सेवेतून घरबसल्या पाहता येतात.

दोन अडचणी नेहमी येतात. पहिली जिल्ह्यांची. कुलाब्याचा रायगड १९८१ मध्ये झाला. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला. पालघर २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला. बेळगाव-कारवार १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाडा त्याच वर्षी हैदराबादमधून मुंबई राज्यात आला. पणजोबांच्या कागदावरचा जिल्हा आजच्या नकाशात शोधून उपयोग नाही, त्या वर्षाच्या नकाशात शोधावा लागतो. मराठवाड्याचे जुने कागद उर्दूतही असतात. दुसरी अडचण लिपीची आणि कालगणनेची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावकामगारांचा हात मोडीत चालत असे. शालिवाहन शकात ७८ आणि फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो, एक-दोन वर्षांचा फरक गृहीत धरावा. मोडी शिकण्याला दोन-तीन महिने पुरतात. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे तिचे वर्ग चालतात. त्याच खात्याचे मुंबईचे अभिलेखागार १८२१ पासूनचे आहे आणि पुण्यात पेशवे दप्तर आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद गोळा करीत आले. कागद आहेत. ते वाचणारे कमी पडतात.

ज्यांचे गाव अंधेरी, वर्सोवा, गोराई हेच आहे, त्या कोळी, आगरी, भंडारी, पाठारे कुटुंबांना तर फार दूर जायलाच नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त साष्टीतील गावे आणि तिथे वसलेली कुळे यांच्या याद्या आहेत. १९५० आणि १९५७ मध्ये ही गावे टप्प्याटप्प्याने मुंबई महापालिकेत आली. त्यापूर्वीची अनेक कागदपत्रे ठाण्याच्या दप्तरात शोधावी लागतात. आपण ज्याला 'उपनगर' म्हणतो ते कोणाचे तरी मूळ गाव आहे, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

सागरापलीकडे गेलेल्यांनीही हा शोध सोडलेला नाही. मॉरिशसला २ नोव्हेंबर १८३४ पासून भारतीय गिरमिटिये उतरू लागले. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांतील काही हजार मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसे होती, कोकणातली बरीच. उतरताना प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात आणि गाव नोंदवहीत लिहिले गेले. त्या नोंदवह्या आज तिथल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. पाच-सहा पिढ्यांनंतर मॉरिशसचा मराठी माणूस त्या वहीतल्या इंग्रजी अक्षरांत वाकड्यातिकड्या लिहिलेल्या गावाचे खरे नाव शोधत कोकणात येतो. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा २०२४ मध्ये झाल्यावर या नोंदींना व्यावहारिक मोलही आले. मळ्यांवर राबण्यासाठी नेलेल्या माणसांचे वंशज गाव शोधून काढतात, आणि रात्रीच्या गाडीने सकाळी गावात पोहोचू शकणारे आपण 'कडचे' म्हणून थांबतो.

कुळ आणि कूळ

आता मुद्द्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रात कुलवृत्तांतांची एक मोठी परंपरा निर्माण झाली. चिकाटीच्या माणसांनी पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव हिंडून शेकडो घरांची माहिती जमवली. त्या परिश्रमांविषयी आदरच वाटतो. पण तिच्या दोन उणिवा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली उणीव स्त्रियांची. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत लेकी लग्न होताच पानावरून नाहीशा होतात. सुनेचे माहेर एका ओळीत आटोपते आणि तिचे माहेरचे नाव अनेकदा मिळतच नाही. म्हणजे पणजोबांच्या गावाचा शोध आपण घेतो तो आठ खापरपणजोबांपैकी एकाच्याच गावाचा. उरलेली सात गावे आज्या-पणज्यांची माहेरे आहेत, आणि तीही आपलीच आहेत. सरकारी कागद या बाबतीत अधिक न्यायी निघतो. मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत विधवेचे नाव येते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर लेकींची नावेही येऊ लागली, आणि त्यापुढे लिहिलेले असते 'रा.', म्हणजे राहणार अमुक गाव. त्या एका अक्षराच्या आधारे हरवलेली आत्या आणि तिचे सासर सापडू शकते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कुलवृत्तांत एका कुळाचा असतो, गाव मात्र सर्वांचे असते. मराठीत 'कुळ' म्हणजे घराणे आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. उच्चारात फारसे अंतर नसलेल्या या दोन शब्दांत कोकणचा अर्धा इतिहास आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत आणि कूळ एकाच गावात नांदले. खोताच्या घराण्याचा वृत्तांत छापला गेला, कुळाच्या घराण्याचा नाही. १८८० च्या खोती कायद्याने दोघांचे संबंध कागदावर बांधले. १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप केला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करणारे विधेयक विधिमंडळात मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे सारे त्याच फेरफारांत वाचायला मिळते. एकाच गावाच्या नोंदवहीत एका पानावर खोताचे वारस आणि पुढच्या पानावर महार वतनाची जमीन, सुताराचे घर, गुरवाचे इनाम अशा नोंदी असतात.

म्हणूनच मी वंशावळीपेक्षा वास्तव्याला अधिक महत्त्व देतो. वंशावळ शोधणारा आपल्याच नावांच्या ओळी उतरवून घेतो आणि वही मिटतो. वास्तव्य शोधणाऱ्याला शेजारी वाचावे लागतात. आपल्या पणजोबांनी कोणाकडून अर्धेल घेतली, विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले नाही, दुष्काळात कोणाच्या घरातून धान्य आले, हे प्रश्न वंशावळीत उद्भवत नाहीत. गावाच्या कागदांपुढे बसले की ते टाळताही येत नाहीत. पूर्वजांविषयीची कृतज्ञता खरी असेल, तर त्यांच्या चुकांचा हिशेबही आपल्याला पेलता आला पाहिजे. सामाजिक समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. आपल्या गावाची एक जुनी नोंदवही शांतपणे वाचणे, हा त्या विषयाचा प्रत्यक्ष पाठ आहे.

वंशावळीच्या हव्यासात आणखी एक धोका असतो. मूळ पुरुष कोणीतरी सरदारच निघावा, असे प्रत्येकाला वाटते. मग मधल्या चार पिढ्या कल्पनेने जोडल्या जातात. पुरावा नसेल तिथे जागा मोकळी सोडावी. राजवाड्यांच्या महाराष्ट्राला एवढी शिस्त शोभते.

उशीर परवडणारा नाही

हा केवळ हौसेचा विषय आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने जातपडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेर एक सकाळ उभे राहावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. बारावी झालेल्या मुलाचा प्रवेश आजोबांच्या शाळेच्या एका रजिस्टरवर अवलंबून राहतो, आणि घरात कोणालाही ती शाळा कोणत्या गावची, हे सांगता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा राज्यातील कचेऱ्यांत जुनी रजिस्टरे धूळ झटकून उघडली गेली. आरक्षणाच्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की आपल्या पूर्वजांचे कागद हे आपल्या नातवंडांचे भवितव्य असू शकतात, हे त्या वेळी घराघराला कळले.

दुसरीकडे विस्मरणाची यंत्रे वेगाने चालली आहेत. उपनगरांतील साठ-सत्तरच्या दशकांतील तीन-चार मजली सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची लोखंडी ट्रंक आधी भंगारात जाते, आणि त्या ट्रंकेतच दाखले, खरेदीखते, मनिऑर्डरीच्या पावत्या, पत्रिका आणि पोस्टकार्डे असतात. गिरगाव-लालबागच्या चाळींतील ग्रामस्थ मंडळांच्या खोल्याही एकेक करून जात आहेत. त्या खोल्यांतील वर्गणीच्या वह्या म्हणजे गावातून मुंबईला कोण कधी आले, याची हजेरीच होय. काहींची गावेच उरलेली नाहीत. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांतील माणसे ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत विखुरली. मुलुंड कॉलनीतील सिंधी कुटुंबांची गावे १९४७ मध्ये सीमेपलीकडे राहिली. त्यांना परत जाता येत नाही. आपल्याला येते, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

काय करावे, ते थोडक्यात सांगतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून गावाचे नाव, वाडी, शेजाऱ्यांची आडनावे, ग्रामदैवत, शाळा आणि नदी-ओढ्याचे नाव लिहून घ्यावे. आजीला तिच्या आजीचे माहेर विचारावे. घरातील प्रत्येक जुन्या कागदाचे छायाचित्र घेऊन त्यावरील वर्ष आणि गाव वेगळे टिपून ठेवावे. पुढच्या सुट्टीत तहसील कचेरीत एक दिवस घालवावा आणि फेरफारांच्या नकला घ्याव्यात. घरातील एका तरुणाने मोडी शिकावी. सोसायटीतील दहा कुटुंबांनी मिळून ही टिपणे एकत्र ठेवली, तर उपनगरातल्या एकेका इमारतीत अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा उभा राहील.

यातले पहिले काम सोडून बाकी सारे उद्यावर ढकलता येईल. कागद कपाटात आणखी वर्षभर टिकेल. आजीची आठवण टिकेल, याची हमी कोणी द्यावी? या रविवारी वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसावे आणि विचारावे, "आपण राहणार मौजे कोणते?"